कूलरचं एकच बटण

तुमची आत्या बंगलोरहून आली ती पावसाळ्याच्या सुरुवातीला, दोन बॅगा आणि एक लांबट लाकडी पेटी घेऊन. बॅगा तिने खोलीत नेऊन टाकल्या आणि पेटी स्वतः उचलून समोरच्या खोलीत ठेवली. पेटीत पातळ पात्यांचे चाकू, कानशी, निरनिराळ्या खरखरीचे पॉलिश पेपर आणि मोजमापाची साधनं होती. रोज वापरायच्या विजेच्या वस्तू कशा दिसाव्यात, हातात कशा बसाव्यात, त्यांचं बटण कुठे असावं, हे ठरवण्याचं तिचं काम आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. ते काम प्रत्यक्ष कसं चालतं हे मात्र मी स्वतः पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून तुम्हा नातवंडांसाठी लिहून ठेवते.

तुम्ही राहता तिथे कूलर नसतो, तेव्हा आधी तो सांगते. खिडकीत बसवलेली एक मोठी पेटी समजा. तिच्या तीन बाजूंना गवताच्या ताट्या असतात. तळाशी पाणी असतं. एक छोटा पंप ते पाणी वर चढवून ताट्या भिजवतो आणि एक पंखा त्या ओल्या ताट्यांमधून बाहेरची हवा आत ओढतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात याने खोली चांगली गार होते. पंपाचा एक आणि पंख्याचा एक असे दोन काळे खटके कूलरवर असायचे, आणि बहुतेक घरांत अजूनही आहेत.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत असे कूलर बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या मालकांना नव्या कूलरसाठी मोबाइलसारखं गुळगुळीत, दिवे लागणारं पॅनेल हवं होतं. दिल्लीकडचा माल बाजारात येऊन बसला होता आणि तो दिसायला देखणा होता. ते काम तुमच्या आत्याकडे आलं. बंगलोरच्या नोकरीतून तिने बिनपगारी रजा घेतली. परत येणार की नाही हे तिने दिवाळीपर्यंत कळवायचं होतं. आल्या दिवशी जेवताना तिने मला सांगितलं, "पॅनेल त्यांनी घेतलं, तर मी इथेच स्वतःचं काम सुरू करीन. नाही घेतलं, तर दिवाळीनंतर परत जाईन."

मी "बरं" म्हटलं. तिने राहावं असं मला वाटत होतं. तुमचे आजोबा गेल्यापासून हे घर एका माणसाला मोठं पडतं. याबद्दल एवढंच लिहिणं पुरे आहे.

पहिले काही आठवडे ती नुसती चित्रं काढत होती. मग फोमच्या विटा आल्या आणि ती त्या कापू लागली. एकाच पॅनेलची कितीतरी रूपं खिडकीत ओळीने उभी राहिली. मला ती सगळी सारखीच वाटायची. ती मला डोळे मिटायला सांगायची आणि त्यावरून बोट फिरवून बटण शोधायला लावायची. एका कोपऱ्याची गोलाई तिला पटेना म्हणून दोन दिवस ती पॉलिश पेपर घेऊन बसली होती. दिवा निळा असावा की पिवळसर, यावर मालकांशी फोनवर वाद झाला. मालकांना निळा हवा होता. अंधाऱ्या खोलीत निळा दिवा डोळ्यांत खुपतो असं तिचं म्हणणं होतं, आणि शेवटी तेच राहिलं.

बटण एकच असावं ही तिची कल्पना. एकदा दाबलं की पंखा आणि पंप दोन्ही सुरू. पुन्हा दाबलं की वेग वाढणार. जास्त वेळ दाबून ठेवलं की पंप बंद. मालक ही कल्पना ऐकून खूष झाले होते. "बस, हेच पाहिजे," असं ते म्हणाल्याचं तिने सांगितलं.

मोल्ड म्हणजे काय, हेही मी तेव्हाच समजून घेतलं. प्लास्टिकची वस्तू एका पोलादी साच्यात ओततात, तो मोल्ड. वाटीतून भाताची मूद सुटून यावी म्हणून वाटीच्या कडा बाहेरच्या बाजूला कललेल्या असतात. सरळ उभ्या कडांच्या डब्यात भात दाबला तर तो मोडून येतो. तिच्या पॅनेललाही असा कल द्यावा लागत होता, डोळ्यांना दिसणार नाही इतका. मोल्ड एकदा कापला की तो बदलता येत नाही, बदलायचा तर दुसरा करावा लागतो, आणि तो खर्च लहान कारखान्याला झेपत नाही. त्यामुळे मोल्डला हात लावण्याआधी लोकांकडून पॅनेल वापरून घ्यायचं, अशी पद्धत आहे.

ते वापरून घेण्याचं काम आमच्या घरी झालं. तिने पॅनेलचा पक्का नमुना करून आणला होता. तो एका लाकडी स्टँडवर बसवलेला होता आणि बटण दाबलं की दिवे लागत. कूलर जोडलेला नव्हता. आमच्या घरी आता ए.सी. आहे आणि जुना कूलर केव्हाच देऊन टाकला. रोज संध्याकाळी कॉलनीतले कोणी ना कोणी यायचे. मी तर्री-पोहे करायची, चहा ठेवायची. येणारा माणूस प्लेट हातात घेऊन बटण दाबायचा आणि म्हणायचा, "वा, छान आहे."

"काही खटकतं का, काकू?" आत्या विचारायची.

"खटकायचं काय त्यात? मस्त आहे. तू केलंस ना? मग चांगलंच असणार." आणि मग माझ्याकडे वळून, "पोहे एकदम मस्त झाले आहेत हं आज."

एका गृहस्थांनी चष्मा काढून पॅनेल जवळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मुलीच्या लग्नाचं काय केलंत असं मला विचारलं. आत्याने त्यांचंही मत छान याच बाजूला धरलं.

सगळ्यांना पॅनेल आवडलं असं तिने मालकांना कळवलं. मालक म्हणाले, दसरा झाला की मोल्ड कापायला देऊ. फेब्रुवारीत कारखान्यात माल तयार व्हायला हवा, त्यामुळे त्यापुढे थांबता येणार नव्हतं. म्हणजे दिवाळीचा प्रश्न दसऱ्यालाच सुटल्यासारखा होता. तिने समोरच्या खोलीला कुठला रंग द्यायचा याची चौकशी सुरू केली. मी रंगाऱ्याला फोन केला.

दसऱ्यानंतर सोनं द्यायला आम्ही खाप्याला गेलो. माझी धाकटी चुलत बहीण तिथे असते. पारशिवनीकडच्या खेड्यात वाढली आणि खाप्याच्या शेतकऱ्याच्या घरात गेली. तोंडाची फटकळ आहे, पण मनात काही ठेवत नाही. तुमच्या आत्याने नमुना सोबत घेतला होता. खऱ्या कूलरला जोडून एकदा पाहायचं तिच्या मनात होतं, आणि ऑक्टोबरची गर्मी असल्यामुळे बहिणीकडचा कूलर अजून खिडकीत होता. बंगलोरच्या कंपनीत, वस्तू कोणी केली हे वापरणाऱ्याला सांगायचं नाही, असा नियम असतो. आमच्या कॉलनीत तो पाळता येण्यासारखा नव्हता, कारण ती काय करते हे सगळ्यांना ठाऊक होतं. खाप्याला ठाऊक नव्हतं. माझ्या बहिणीच्या मते भाची कॉम्प्युटरचं काहीतरी करते, एवढंच.

आपट्याची पानं देऊन झाली, पाया पडून झालं. आत्याने कूलरचं झाकण काढून वायरी जोडायला घेतल्या.

"काय करून राहिली वं पोरी?" बहीण म्हणाली. "चांगला चालू हाय न तो."

"एका कंपनीने नवीन बटण काढलंय, मावशी. वापरून बघायला दिलंय. तुम्ही लावून बघा."

"मीच लावू? शॉक तर नाही लागन?" असं म्हणत तिने पायात चप्पल सरकवली, पदर खोचला आणि बटण दाबलं.

पंखा एकदम सुरू झाला. ताट्या वाळून कोरड्या झालेल्या होत्या. गरम हवेचा झोत आणि त्याबरोबर धूळ आणि गवताच्या काड्या सरळ खोलीत आल्या. तिच्या सुनेने नुकतीच भज्यांची ताटली आणून ठेवली होती, ती काड्यांनी भरली.

"अवं माय! पंखा काहून लागला?" बहीण मागे सरली. "पहिले पंप लावा लागते न! पंपाचं बटण कुठी हाय?"

"वेगळं नाही. एकाच बटणात दोन्ही आहे."

"एकातच? मंग ताट्या भिजत वरी आमी काय गरम हवा खात बसाव?"

"थोड्या वेळात गार होईल, मावशी."

"अन् हे भजे कोन खाईन? तुह्या कंपनीवाला येनार हाय का?"

सून ताटली उचलून हसत होती. "आई, त्याच्या घरी ए.सी. असन. त्याले काय माहीत ताट्या भिजवा लागते ते."

"अन् बरसात लागली का?" बहिणीने विचारलं. "हवा दमट झाली का आपण पंप बंद करतो अन् नुसता पंखा ठेवतो. यात कसं करतं ते?"

"बटण दाबून धरायचं. तीन सेकंद."

"म्हंजे मी एक, दोन, तीन मोजत उभी राहू? पहिलीतल्या पोरीवानी?"

"अन् हात ओला असला तं?" सून म्हणाली. "पाणी तर मीच भरतो न बादलीनं. मंग ओल्या हातानंच बटण दाबतो."

आत्याने सुनेला पाण्यात हात बुडवून बटण दाबायला सांगितलं. दोनदा दाबूनही काही झालं नाही, तिसऱ्यांदा वेग एकदम वाढला.

"पाह्य," बहीण म्हणाली. "कोन्या तरी पोराचं काम दिसून राहिलं हे. बाईमानसानं नाही बनवलं. घरात कूलर कोन लावते हे तरी विचारलं असतं त्यानं."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. आत्याने वायरी काढल्या, जुने दोन खटके पुन्हा जोडले, झाकण बसवलं. "बरं झालं," बहीण म्हणाली. "आता बसा जेवाले. भजे दुसरे करते ही."

आत्या खाप्याला लहानाची मोठी झालेली नाही, पण नागपूरची आहे. पंप आधी लावायचा हे तिला कसं ठाऊक नव्हतं, असं तुम्हाला वाटेल. तिच्या लहानपणी आमच्या घरी कूलर मी लावायची. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की पंप सुरू करायचा, अर्ध्या तासाने पंखा, आणि मग मुलांना हाक मारायची. ती आणि तुमचे बाबा येऊन झोपायचे तेव्हा खोली गार झालेली असायची. त्यानंतर ती वसतिगृहात गेली, मग बंगलोरला. तिच्या आयुष्यात कूलर आयता सुरू असलेलाच होता.

परतताना गाडी तीच चालवत होती. मोल्ड कापायला जायला आठवडाही उरला नव्हता. खाप्याला काय झालं हे आमच्या दोघींशिवाय कोणाला माहीत नव्हतं आणि कोणी विचारणारही नव्हतं. पॅनेल बाजारात गेलं असतं, लोकांनी कुरकूर केली असती आणि हळूहळू सवय केली असती. बहुतेक वस्तूंचं असंच होतं. मला हे सगळं गाडीत बसल्या बसल्या दिसत होतं.

"ते एका घरातलं मत आहे," मी म्हटलं.

"आपल्याकडे इतके लोक आले, आई. एकानेही खोट काढली नाही."

"मग?"

"तू पोहे देत होतीस. आणि मी समोर बसले होते." थोडं थांबून ती म्हणाली, "आपल्या हातचं खाऊन तोंडावर कोण वाईट म्हणणार? खाप्याला एकाच घरात गेलो आणि तिथे लोक खरं बोलले."

कोराडीपासून रहदारी वाढली आणि तिला रस्त्याकडे लक्ष द्यावं लागलं. उतरताना तिने विचारलं, "रंगारी कधी येणार आहे?" मी म्हटलं, सोमवारी. ती म्हणाली, "त्याला थांब म्हण."

रविवारी सकाळी कारखान्याचे मालक शेवटची ड्रॉइंग न्यायला आमच्याकडे आले. जाडसर, हसतमुख माणूस, हातात संत्र्यांची पिशवी. आल्या आल्या ते म्हणाले, "काकू, आज पोहे नाही का?"

"आज नाही केले," मी म्हटलं. आत्याने तसं सांगून ठेवलं होतं.

तिने त्यांना खाप्याची हकिगत सांगितली. काही वगळलं नाही, पोराचं काम हेसुद्धा सांगितलं. मालकांचं हसू हळूहळू गेलं.

"मॅडम, परवापर्यंत तर सगळे छान म्हणून राहिले होते न?"

"ते घरचे लोक होते. मी चुकीच्या जागी विचारलं."

"अन् आता एका बाईच्या बोलण्यावर मोल्ड थांबवायचा? मोल्डवाला माझ्यासाठी बसला नाही. त्याचा नंबर गेला तर गेला. मग हा सीझन गेला समजा." ते उठून उभे राहिले. "मी इतकी वर्षं कूलर बनवून राहिलो. एक बटण असलं म्हणून कूलर चालत नाही असं कधी ऐकलं नाही."

"तुमच्या घरी कूलर कोण लावतं?" आत्याने विचारलं.

"घरी? बायको लावते. का बरं?"

"त्यांना फोन करा. आधी काय लावतात एवढंच विचारा."

त्यांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढून स्पीकरवर टाकला.

"ऐक न वं. तू कूलर लावते तं पहिले काय लावते?"

"पंप. काहून?"

"अन् पंखा?"

"ताट्या भिजल्या का मंग. काहून विचारून राहिले? आपल्या घरी कूलर कुठी हाय हे तरी माहीत हाय का तुमाले?"

"बरं, ठेव."

"थांबा न. येताना कोथिंबीर आना. अन् जेवाले येता का तिथंच जेवता?"

त्यांनी फोन बंद केला. मी संत्री आत नेऊन ठेवली आणि पाणी घेऊन आले. ते खुर्चीवर बसून स्टँडवरच्या नमुन्याकडे पाहत होते. त्यांनी बटण दाबलं. पिवळसर दिवा लागला. पुन्हा दाबलं.

"दिसायला चांगलं होतं," ते म्हणाले.

मोल्ड थांबला. येत्या उन्हाळ्यात जुनेच खटके लागतील असं त्यांनी सांगितलं. नवीन काही करायचं तर एप्रिलमध्ये, उन्हं लागल्यावर, लोकांच्या घरी खऱ्या कूलरवर लावून दाखवा, मग पाहू. पाहू म्हणजे फक्त पाहूच, हेही त्यांनी स्पष्ट केलं. ते रागावलेले नव्हते, पण आधीच्यासारखे मोकळेही नव्हते. ड्रॉइंग न घेताच गेले. कोथिंबिरीची आठवण मी त्यांना फाटकापाशी करून दिली.

म्हणजे तिने स्वतःच घातलेल्या अटीप्रमाणे तिला जावं लागणार होतं. मी मनात तिच्या जाण्याची तयारी सुरू केली. चिवडा आणि शंकरपाळे थोडे जास्त करायचे, इस्त्रीचे कपडे आधीच आणून ठेवायचे, अशी. तिच्यापाशी विषय काढला नाही. माझं म्हणणं तिला कळलं असतं, तर तिच्या निर्णयात माझाही भाग आला असता, आणि ते मला नको होतं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बंगलोरहून फोन आला. मी स्वयंपाकघरात करंज्यांचं सारण परतत होते. ती बैठकीत इंग्रजीत बोलत होती. तिने त्यांचे आभार मानले आणि येत नाही असं सांगितलं. पलीकडून काही विचारणा झाली असावी. ती म्हणाली, तिथे कूलर कोणी वापरत नाही, मला इथेच उन्हाळा पाहायचा आहे.

ती आत आली तेव्हा मी गॅस बारीक केला.

"तू म्हणाली होतीस, घेतलं तर राहीन," मी म्हटलं. "त्यांनी तर घेतलं नाही."

"हो."

"आणि एप्रिलमध्येही नाही म्हणाले, तर?"

"तर तेव्हा बघू कुठे जायचं ते." तिने सारणातला एक काजू उचलून तोंडात टाकला. "आई, या वेळी घरी कोणाला बोलवायचं नाही. आपणच लोकांकडे जायचं. आणि माझी आई म्हणून यायचं नाहीस तू."

"मग कोण म्हणून येऊ?"

"शेजारीण म्हणून ये. तोंड पाडून बसणारी."

ते मला जमेल असं मी तिला सांगितलं.

भाऊबीज झाली आणि ती सीताबर्डीवर जाऊन कूलर दुरुस्त करणाऱ्या दुकानांतून जुने खटके आणि फिरवायच्या मुठी घेऊन आली. काही तुटलेल्या, काही रंग उडालेल्या, एका पिशवीभर. सगळ्या जेवणाच्या टेबलावर ओतल्या आणि एकेक उचलून, ओल्या हाताने फिरवून पाहू लागली. अंगठा कुठे घसरतो, कुठे धरतो, ते ती बघत होती. बराच वेळ झाला तरी टेबल मोकळं होण्याची चिन्हं दिसेनात. मी दोन ताटं स्वयंपाकघरात घेतली आणि तिला जेवायला हाक मारली.